ध्वनीचा वेढा

कंधार, औसा आणि उदगीर या तीन किल्ल्यांच्या मुलखात जन्म आणि नोकरी दोन्ही गेल्यामुळे वेढा या वस्तूशी माझा लहानपणापासून आदरयुक्त परिचय होता. परंतु सदाशिवरावभाऊंनी १७६० साली उदगिरास निजामाची जी अवस्था केली, तीच अवस्था आपल्याच चिरंजीवांनी, आपल्याच बैठकीच्या खोलीत, आपल्याच निवृत्तीच्या मुहूर्तावर आपली करावी, आणि तीही 'बाबा, आता तुम्हाला निवांत वेळ आहे' अशा प्रेमळ शब्दांत, हे मात्र माझ्या पत्रिकेत कोणत्याही ज्योतिषाने वर्तविलेले नव्हते. चिरंजीव पुण्यास, हिंजवडीत, संगणकाच्या नोकरीत आहेत. त्यांनी लातूरच्या घरी एके दिवशी सात खोकी धाडली. त्यांत पाच लहान भोंगे, एक मोठा भोंगा आणि या सहांवर हुकमत चालविणारे, पाटावरवंट्याच्या वजनाचे एक काळे यंत्र होते. या सरंजामास होम थिएटर म्हणतात आणि त्याच्या करामतीस सराउंड. सराउंड म्हणजे वेढा, हे मला शब्दकोशाने सांगितले, आणि शब्दकोश किती सभ्य भाषेत बोलतो हे पुढे अनुभवाने कळले.

यंत्र बसविण्यास जो तरुण आला, त्याच्याविषयी, उभी हयात तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून काढलेल्या माझ्या मनात प्रथम आपुलकीच निर्माण झाली. कारण त्याने आल्याआल्या चहा नाकारून मोजपट्टी काढली, आणि मोजणीदार बांधावर ज्या गांभीर्याने खुंटी ठोकतो त्याच गांभीर्याने आमच्या सोफ्याच्या मध्यभागी बोट टेकवून 'काका, हितून पुढं सगळं मोजायचं' असे जाहीर केले. पुढचे दोन भोंगे बसणाऱ्याच्या नाकासमोरच्या रेषेपासून ३० अंशांवर आणि मागचे दोन ११० अंशांच्या आसपास, असा त्यामागे शास्त्रार्थ होता. आता डाव्या हाताच्या ११० अंशांवर आमच्या घरात देव्हारा आहे, आणि उजव्या हाताच्या तितक्याच अंशांवर लोणच्याच्या बरण्यांची फळी आहे, ही गोष्ट त्या शास्त्राच्या कर्त्यांस माहीत नसावी. सौ.नी 'देवाच्या कानाशी भोंगा लावायला ही काय जत्रा आहे?' एवढाच सवाल केला आणि भूमितीचा दावा पहिल्याच तारखेस निकालात निघाला. डावा भोंगा शिवणयंत्रावर बसला आणि उजवा दाराच्या चौकटीवर चढला. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यावर उंबरठा ओलांडताच टाळूवरून गोळीबार होतो. तरुणाने जाताना असेही सांगितले की, या सर्व रचनेचा पुरेपूर लाभ सोफ्यावरच्या एकाच जागी, एकाच माणसास मिळेल. त्या मोक्याच्या जागेचा सातबारा कोणाच्या नावे झाला हे विवाहित वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही.

या मांडणीस पाच पूर्णांक एक दशांश असे अपूर्णांकी नाव आहे. पाच म्हणजे पाच पूर्ण भोंगे. आणि एक दशांश म्हणजे कोपऱ्यात बसलेला तो मोठा खोका, ज्याच्या वाट्यास १२० हर्ट्झच्या खालचा घुमारा तेवढा येतो, म्हणून कागदोपत्री त्याची किंमत दशांश. परंतु सरकारी कचेरीत ज्याने चार दिवस काढले आहेत त्यास ठाऊक असते की, कागदोपत्री ज्याची किंमत दशांश, तोच सगळी इमारत हलवितो.

काळ्या यंत्राच्या कपाळावर 'डॉल्बी' अशी अक्षरे होती. ती पाहताच आमचे शेजारी, जे एरवी कमालीचे सज्जन आहेत, दोन पावले मागे सरले आणि 'घरात डॉल्बी आणली?' असे त्यांनी, घरात वाघ पाळल्यासारख्या स्वरात विचारले. त्यांचा दोष नाही. आमच्याकडे डॉल्बी ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली भोंग्यांची भिंत असून ती वराती आणि गणपतीच्या मिरवणुकीपुढे चालते, खिडक्यांची तावदाने थरथरवते, आणि भाद्रपदाच्या तोंडावर पोलीस खाते तिच्यापासून मुक्तीचे आवाहन करते. वास्तविक रे डॉल्बी (१९३३-२०१३) या अमेरिकन गृहस्थाची कीर्ती अगदी उलट कारणासाठी आहे. ध्वनिमुद्रणाच्या फितीवर जी एक अखंड सूंऽऽ अशी खरखर असते, ती दाबण्याची युक्ती त्याने काढली. १९६३ पासून दोन वर्षे तो युनेस्कोचा सल्लागार म्हणून चंदीगडास, केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेत होता. तेथून लंडनला गेला आणि १९६५ साली त्याने आपली कंपनी स्थापन केली ती गोंगाट कमी करण्याकरिता. दोन वर्षे हिंदुस्थानात राहिलेल्या माणसास शांततेची इतकी तळमळ लागावी, हे मला तरी फार स्वाभाविक वाटते. त्याच्याच नावाने आपण कानठळ्या बसवाव्यात, हे म्हणजे वैद्याच्या नावाने रोगाचे बारसे करण्यापैकी आहे. आणखी एक मौज अशी की, त्याआधी विद्यार्थिदशेत हाच गृहस्थ अँपेक्स कंपनीत होता आणि १९५६ साली बाहेर पडलेल्या पहिल्या व्यवहार्य व्हिडिओ-फीतयंत्राच्या घडणीत त्याचा हात होता. म्हणजे माझ्या खोलीतला हा वेढा आणि माझ्या लोखंडी कपाटात तीस-बत्तीस वर्षे पडून असलेली लग्नाची व्हिडिओ कॅसेट, ही दोन्ही एकाच गोत्राची. पण त्या कॅसेटीकडे यथावकाश येतो.

पहिल्या रात्री चिरंजीवांनी दूरध्वनीवरून सुचविलेला एक इंग्रजी चित्रपट लावला. त्यात पाऊस होता. मागच्या डाव्या भोंग्यातून, म्हणजे नेमकी आमची मोरी ज्या दिशेस आहे त्या दिशेने, अशी धो धो सर कोसळली की, सौ. मोक्याच्या जागेवरून उठल्या त्या 'अगं बाई, नळ आले!' असे ओरडत थेट मोरीत गेल्या. २०१६ च्या एप्रिलात ज्या शहराने मिरजेहून आगगाडीने पाणी आणविले, त्या शहरात पाण्याचा आवाज ही करमणुकीची बाब नव्हे, हे त्या चित्रपटाच्या दिग्दर्शकास कोण सांगणार? सौ.ची हाक भिंतीपलीकडे गेली, तेथून ती गच्चीवर गेली, आणि मी यंत्र बंद करण्याची कळ शोधीपर्यंत गल्लीतल्या चार घरांच्या मोटारी सुरू होऊन कोरड्या नळातून नुसती हवा ओढू लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याने, 'काका, आज पिच्चरला पाणी किती वाजता हाय?' असे विचारून माझ्या सामाजिक स्थानाची मला कल्पना दिली.

दुसरा प्रसंग हसण्याचा नाही, सबब थोडक्यात सांगतो. कोपऱ्यातल्या त्या दशांशाने एका युद्धपटात प्रथमच आपला खरा सूर लावला, तेव्हा जमिनीतून एक घरघर आली आणि स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची पातेली एकमेकांस लागून किणकिणली. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या भाडेकऱ्यांच्या आई औसा तालुक्यातल्या. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक नुकतेच निजले असता, ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात भूकंपाने जे झाले ते त्यांनी पाहिलेले होते. मी दार उघडले तेव्हा त्या अनवाणी रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या आणि घरात येण्यास तासभर तयार झाल्या नाहीत. मोठ्या खोक्याची तार मी त्याच रात्री काढली. आता त्याच्यावर सौ. मेथी निवडतात.

तिसरी हरकत पलीकडच्या घरात भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांची. लातूर पॅटर्न या नावाने जो विद्यायज्ञ येथे बारमाही चालतो, त्याच्या ऋत्विजांपैकी एक मुलगा एका रात्री नम्रपणे आला आणि मला म्हणाला की, ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री ४५ डेसिबलच्या वर जाता येत नाही, आणि प्रत्येक १० डेसिबलला तीव्रता दहापट होते, सबब आपण ६५ वर असाल तर शंभरपट अपराधी आहात. फिर्याद आणि तिचे गणित एकाच पक्षकाराने मांडल्यावर प्रतिवादीने काय बोलावे? मी आवाज कमी केला. अशा रीतीने पाऊस वर्ज्य, घुमारा बंद आणि बोलणे कुजबुजीइतके, अशा तहाच्या अटींवर वेढा उठला.

खरे सांगावयाचे तर वेढा नाही म्हणून लातूरकरास काही उणे पडू नये. आमची गंजगोलाई पाहा. निजामकाळी आखलेल्या त्या वर्तुळाकार पेठेस सोळा रस्ते येऊन मिळतात, मध्यभागी देवीचे देऊळ आहे, आणि देवळाच्या पायरीवर डोळे मिटून बसणाऱ्यास भांड्यांचे ठोके, कापडाचे भाव, भाजीवाल्यांची आरडाओरड आणि रिक्षांचे भोंगे सोळा दिशांनी, आणि कोणत्याही मोजपट्टीशिवाय, बिनचूक ऐकू येतात.

आता कॅसेटीकडे. ज्यांचे तारुण्य ऐंशीच्या दशकात गेले त्यांना 'व्हिडिओ आणणे' या क्रियापदाचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. नांदेडला आमच्या गल्लीत बारसे असो, सत्यनारायण असो की गणपती असो, संध्याकाळी एका हातगाड्यावर गोधडीत गुंडाळलेला रंगीत टीव्ही, त्याच्या शेजारी व्हीसीआर आणि त्यामागे उपाध्यायाच्या ऐटीत चालणारा त्याचा चालक, अशी मिरवणूक येत असे. रात्रीस तीन चित्रपट. पहिला वडीलधाऱ्यांसाठी धार्मिक, दुसरा बायकांसाठी रडका, आणि तिसरा, जो मारामारीचा असे, तो जागा राहील त्याच्यासाठी. चित्रपट मध्येच मुंग्यांनी भरला की, चालक यजमानाकडे दहाची कोरी करकरीत नोट मागत असे. पाचाची चालत नसे. यंत्राचे झाकण उघडून, आतल्या फिरत्या हेडवर ती नोट अलगद फिरवून, तिच्यावर उमटलेली काळी रेघ तो सर्वांस साक्षीदारांना मुद्देमाल दाखवावा तशी दाखवी; मग 'आता ही कोण घेणार?' असे खेदाने म्हणून स्वतःच्या खिशात घाली. त्या दहांपैकी एकही नोट सरकारी तिजोरीत परत गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

हे यंत्र मुळात दोन जातींचे होते, हे आता कोणास आठवत नाही. सोनीची बीटामॅक्स १९७५ ची, जेव्हीसीची व्हीएचएस १९७६ ची. दोहोंची फीत अर्ध्याच इंच रुंदीची, पण डबी निराळी, त्यामुळे एकीची दुसरीत जाईना. पुण्यामुंबईच्या माणसास या कलहाचे नवल वाटले असेल. आम्हांस वाटले नाही. नांदेडला मीटर गेज, लातूरला बार्शी लाइटची नॅरो गेज, आणि कुर्डुवाडीस उतरून ब्रॉड गेजची गाडी पकडावयाची, अशा तीन रुंदींच्या रुळांवर आमच्या पिढ्या वळकट्या वाहत वाढल्या होत्या, आणि मुक्काम एकच असला तरी डबे बदलावे लागतात हे ज्ञान आमच्या खांद्यांस आधीपासून होते. शेवटी व्हीएचएस टिकली. पहिल्या बीटामॅक्सवर एकच तास मावे, व्हीएचएसवर प्रथमपासून दोन. आणि पुढे १८० मिनिटांची, अडीचशेहून अधिक मीटर फितीची कॅसेट आली तेव्हा हिंदी चित्रपट नायिकेच्या बापाच्या पश्चात्तापासकट एकाच डबीत मावू लागला. मग व्हीसीडी आली, डीव्हीडी आली, ती गेलीही. आणि २०१६ च्या जुलैत जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनविणे थांबविले, तेव्हा माझ्या कपाटातली कॅसेट रूळ उखडलेल्या स्थानकावरच्या डब्यासारखी झाली.

ती कॅसेट आमच्या लग्नाची. १९८७ चा वैशाख, रविवार, स्थळ लातूर. वऱ्हाड लोहा, अहमदपूर, चाकूर या रस्त्याने नांदेडहून आले होते. रविवार निवडण्यात दोन्हीकडील कारभाऱ्यांची गफलत अशी झाली की, त्या जानेवारीपासून दूरदर्शनवर रविवारी सकाळी रामायण सुरू झालेले होते. ऐन वेळी मांडव रिकामा झाला, मामा सापडेना, अंतरपाट धरणारे शेजारच्या माडीवर टीव्हीपुढे हात जोडून बसलेले आढळले, आणि भटजींनी पंचांग पुन्हा पाहून प्रभू रामचंद्रांचा तो भाग संपल्यानंतरचा एक अधिक शुभ मुहूर्त शोधून काढला. हे सर्व व्हिडिओ शूटिंगवाल्याने टिपले. पण नंतर आपल्या दुकानात बसून त्याने सबंध लग्नावर चित्रपटांतली गाणी अंथरली. त्यामुळे आमच्या लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी भटजींचे तोंड हलते आणि आवाज लताबाईंचा येतो.

चिरंजीवांच्या आग्रहावरून ती कॅसेट मी एका दुकानात पेनड्राइव्हवर उतरवून घेण्यास दिली. फितीवर बुरशी होती; ती हाताने गुंडाळून, पुसून, वाळवून काम करावे लागले. दुकानदाराने मला समजावून सांगितले की, व्हीएचएसवर चित्र फितीच्या मधल्या विस्तीर्ण भागात असते, आणि साधा आवाज मात्र काठाच्या एका मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर, सेकंदास अडीच सेंटिमीटरहूनही कमी अशा गोगलगाईच्या गतीने सरकत असतो. म्हणजे लुगड्याच्या अंगावर चित्र आणि काठावर आवाज. वर तो असेही म्हणाला की, पंगतीच्या ठिकाणी गाण्यांची कॅसेट संपलेली दिसते आणि ती उलटी घालण्यास शूटिंगवाला विसरलेला दिसतो. तेथे चार मिनिटे खरा आवाज आहे, तो त्याने खरखर काढून स्वच्छ केला आहे.

ती चार मिनिटे आम्ही वेढ्यावर ऐकली. पाच भोंग्यांपैकी चार मुके राहिले. आवाज एकपदरी, म्हणून तो सगळा मधल्या भोंग्यातून आला. पडद्यावर मी मुंडावळ्यांसह पाटावर बसून जिलबीकडे एकटक पाहत होतो. आणि कॅमेऱ्याच्या अगदी शेजारून, कोणी खाकरून, स्पष्ट शब्दांत म्हटले, 'पोरगं जरा बावळटच हाय...' आणि लगेच, 'मठ्ठाऽ! मठ्ठाऽ!'

सौ. मोक्याच्या जागेवर होत्या. त्यांनी ते वाक्य त्या दिवशी अकरा वेळा लावले. बावळट आणि मठ्ठ ही दोन विशेषणे एकाच वक्त्याची असून एकाच विशेष्याची आहेत, असे त्यांचे म्हणणे; दुसरा शब्द नाम असून तो बादली घेतलेल्या वाढप्याचा आहे, हे माझे. परंतु मुख्य प्रश्न, पहिला वक्ता कोण? मी यथाविधि तहकीकात सुरू केली. संशय अर्थातच सासुरवाडीवर. सौ.च्या मामांनी, ज्यांची गंजात आडत होती आणि जे आता नव्वदीकडे झुकले आहेत, दूरध्वनीवर जबानी दिली की, 'मी म्हणलो असतो तर ह्याच्याहून वाईट म्हणलो असतो.' उदगीरच्या चुलत्यांनी आपण त्या दिवशी रामायण पाहण्यास जे गेलो ते तेथेच जेवून निजलो, असा गैरहजेरीचा पुरावा दाखल केला. एक आतोबा मयत असल्याने नोटीस बजावता आली नाही. सबब प्रकरण प्रलंबित ठेवून मी दर दोन-चार दिवसांनी त्या आवाजाकडे चोरून कान देत राहिलो, आणि दर वेळी सौ. स्वयंपाकघरातून विचारत, 'सापडला का हो कोणी गुणग्राहक?'

दिवाळीला अक्का नांदेडहून आली. अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी वडील. तिला गुडघ्यांमुळे सोफ्यावर मध्येच बसावे लागते, म्हणून सौ.नी मोक्याची जागा तिला दिली आणि माझी फजिती ऐकविण्यासाठी मोठ्या हौसेने ती पंगत लावली. अक्का हसली नाही.

'खाकरलेलं ऐकलं का नाही तू?' ती मला म्हणाली. 'नाना आहेत ते.'

नाना म्हणजे आमचे वडील, निजामाच्या अमलात उर्दू शाळेत शिकलेले. बोलण्याआधी, कचेरीत शिरण्याआधी, देवापुढे उभे राहण्याआधीही ते खाकरत असत. माझ्याशी ते कामापुरते बोलत. लग्नानंतर चौथ्या वर्षी गेले. त्यांचा एक फोटो आहे, तो ओळखपत्राचा, मोठा केलेला. आवाज कुठेच नव्हता.

'मी शेजारीच बसले होते,' अक्का म्हणाली. 'हिच्या वडलांना म्हणाले ते. पुढंही म्हणाले होते. त्या मेल्या मठ्ठेवाल्यात बुडालं बघ.'

मी मागे नेऊन पुन्हा लावले. खाकरणे, बावळट, मठ्ठा, मठ्ठा; आणि मग बादलीच्या कडीचा खणखणाट आणि कोणा पोराचे रडणे यांच्या खाली, आम्ही पन्नास वेळा ऐकूनही न ऐकलेले, हलक्या आवाजातले उरलेले शब्द: 'पर लबाड नाही.'

सौ. काही वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. मग, 'मठ्ठा तेवढा वाढप्याचाच होता म्हणायचा,' असे म्हणून चहा टाकण्यास उठल्या.

अक्काने पाय वर घेतले. 'ते मागचं पाऊसबिऊस काही लागू देऊ नको,' ती म्हणाली, 'आणि पुन्हा एकदा लाव.'

मी कळ दाबली. पंगतीत पुन्हा मठ्ठ्याची बादली आली.